जुन्या डब्यातली नाणी: कलदार, हाली आणि टोकन ओळखण्याची कृती

तुळजापूर असो, कळंब असो, परंडा असो की उमरगा, जुन्या घराची आवराआवर निघाली की पितळी डब्यात, बटव्यात नाहीतर देव्हाऱ्याच्या खणात मूठभर जुनी नाणी सापडतात. बार्शी-सोलापूरकडे इंग्रजांचा कलदार रुपया चाले आणि आपल्याकडे निजामाचा हाली, म्हणून एकाच डब्यात दोन्ही निघतात. त्यातलं कुठलं काय, हे ओळखता आलं की त्या डब्याचा संग्रह होतो. काम अवघड मुळीच नाही. अट एकच, क्रम मोडायचा नाही. दुपारच्या उजेडात खिडकीजवळ टेबल ओढा आणि एकेक पायरी घेत चला.

हे जवळ ठेवा

- जाड, मऊ सुती कापड
- दहापट मोठं दाखवणारं भिंग
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा
- मिलिमीटरच्या खुणा असलेली प्लास्टिकची पट्टी
- लोहचुंबक
- काचेचा पेला, पाणी आणि बारीक दोरा
- कागदी पाकिटं, वही आणि पेन्सिल
- सहा वाट्या

तयारी

१. टेबलावर कापड अंथरा. फरशीवर किंवा काचेवर नाणं निसटलं तर कडेला खोक पडते आणि ती कायमची राहते.

२. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. घामाचा ठसा तांब्यावर काही दिवसांत काळा उमटतो. अंगठ्याही काढून ठेवा.

३. सहा वाट्यांना चिठ्ठ्या लावा: मातीतली, स्वातंत्र्यानंतरची, कलदार, हाली, ठोकीव, टोकन.

४. डबा उघडून आतल्या नाण्यांचा, ती आहेत तशी, एक फोटो काढा. सोबत चिठ्ठी, चिंधी किंवा पुडी असेल तर तीही फोटोत येऊ द्या. तिच्यावरचं नाव पुढे कामी येतं.

५. नाणी एकेक करून कापडावर मांडा. प्रत्येक नाणं कडेनेच धरा, चेहऱ्यावर बोट नको.

इथेच सगळ्यात मोठा मोह होतो, तो घासण्याचा. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, काहीही लावू नका. घासलेलं नाणं चकाकतं खरं, पण त्यावरचा बारीक उठाव निघून जातो आणि जाणकाराच्या लेखी त्याची किंमत तिथेच घसरते. देव्हाऱ्यातल्या रुपयावर हळद-कुंकू असेल तर तेही राहू द्या.

पहिली वाटणी: सहा वाट्या

६. शेतात, पायाच्या खोदाईत किंवा पांढरीच्या टेकाडावर सापडलेली नाणी आधी वेगळी काढा आणि ‘मातीतली’ वाटीत ठेवा. तेरच्या परिसरात शिशाची आणि तांब्याची फार जुनी नाणी मिळतात, त्यांची ओळख पटवणं हे तज्ज्ञांचं काम आहे. जपून: १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ही वाटी आज बाजूलाच राहील.

७. अशोकस्तंभाचे सिंह असलेली सगळी नाणी ‘स्वातंत्र्यानंतरची’ वाटीत टाका. नवे पैसेही यातच जातात.

८. राजा किंवा राणीचा चेहरा, मुकुट किंवा इंग्रजी अक्षरं दिसली की नाणं ‘कलदार’ वाटीत टाका. जपून: इंग्रजी अक्षरांसोबत राम, हनुमान किंवा लक्ष्मी दिसली तर ते नाणं इथे ठेवू नका, थेट ‘टोकन’ वाटीत टाका. त्याचं कारण पुढे येईल.

९. चारमिनार असलेली किंवा एकसारखी गोल, नीट कडेची आणि फक्त फारसी अक्षरांची नाणी ‘हाली’ वाटीत टाका. बाजारात यांना निजामी किंवा उस्मानिया सिक्काही म्हणतात.

१०. वेडीवाकडी, जाड, मजकूर अर्धा कडेबाहेर गेलेली नाणी ‘ठोकीव’ वाटीत टाका. ही हातोड्याच्या ठोक्याने पाडलेली असतात, त्यामुळे दोन नाणी कधीच तंतोतंत सारखी नसतात. जपून: झिजून कड गेलेलं यंत्रातलं नाणं ठोकीव वाटू शकतं. शंका आली तर जाडी पाहा, ठोकीव नाणं बहुतेक वेळा लहान पण जाड असतं.

११. उरलेलं सगळं ‘टोकन’ वाटीत टाका: कँटीनचे बिल्ले, देवस्थानच्या चकत्या, सराफाच्या शिक्क्याची चांदीची नाणी, खेळातल्या चकत्या.

झाली पहिली वाटणी! आता मोजमाप करू या.

मोजमाप

१२. प्रत्येक नाण्याजवळ चुंबक न्या. चांदी, तांबं आणि पितळ चिकटत नाही, निकेल आणि लोखंड चिकटतं. जपून: चिकटलं म्हणजे खोटं असं नाही. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचाच आहे आणि शेवटच्या वर्षांतले निजामी दोन, चार व आठ आणेही निकेलचे आहेत. पण चारमिनारचा ‘चांदीचा’ रुपया चुंबकाला चिकटला तर तो नक्की बनावट.

१३. काटा शून्यावर आणून प्रत्येक नाण्याचं वजन घ्या. पंखा आधी बंद करा, वाऱ्याने शेवटचा आकडा हलतो.

१४. चांदीच्या नाण्यांचं वजन या यादीशी ताडून पाहा.

- कलदार: रुपया ११.६६ ग्रॅम, अधेली ५.८३, पावली २.९२, चवली १.४६
- हाली: रुपया ११.१८ ग्रॅम, अधेली ५.५९, पावली २.७९, चवली १.४०

चलनात फिरलेलं नाणं झिजून थोडं हलकं होतं. जपून: वजन यादीपेक्षा ठळकपणे जास्त भरलं तर सावध व्हा. झीज वजन घटवते, वाढवत कधीच नाही.

१५. पट्टीवर ठेवून व्यास मोजा. कलदार रुपया साधारण ३०.५ मिलिमीटर भरतो.

१६. भिंगाखाली नाण्याची कड चारी बाजूंनी फिरवून पाहा. यंत्रातल्या रुपयाच्या कडेला बारीक उभ्या रेघा असतात. जपून: कडेच्या मधोमध गोल फिरलेली शिवण दिसली तर ते साच्यात ओतलेलं, म्हणजे नकली आहे. कडेला डाग, डाख किंवा कापलेल्या कडीची खूण दिसली तर नाणं कधीतरी माळेत ओवलं होतं. ते खरं असू शकतं, पण वहीत ‘कडी लावलेलं’ असं लिहाच.

हाली नाणी वाचा

ही आपल्या भागाची खरी दौलत, म्हणून इथे घाई नको. फारसी येत नसेल तरी घाबरू नका. एक अक्षर आणि दहा आकडे ओळखले की काम होतं.

१७. चारमिनारच्या कमानीतल्या दरवाजात भिंग लावा आणि तिथलं एकच अक्षर पाहा.

- वर गाठ आणि खाली शेपूट, मराठी १ च्या वळणाचं: हा मीम. नाणं मीर महबूब अली खान यांचं.
- मराठी ६ च्या वळणाचं: हा पूर्ण ऐन. नाणं मीर उस्मान अली खान यांचं.
- त्या ६ चा नुसता वरचा अर्धा भाग: हा अर्धा ऐन. नाणं उस्मान अली खान यांचंच, पण सुरुवातीच्या वर्षांतलं.

जपून: पूर्ण आणि अर्धा ऐन हे दोन वेगळे प्रकार मानले जातात. दोन्ही एका पाकिटात घालू नका.

१८. वहीच्या पहिल्या पानावर फारसी आकड्यांची ही ओळख उतरवून घ्या.

- शून्य: नुसता ठिपका
- एक: उभी रेघ
- दोन: उभी रेघ, डोक्याला एक वळण
- तीन: उभी रेघ, डोक्याला दोन दाते
- चार: उभी रेघ, डोक्याजवळ दुहेरी वळण
- पाच: बदामाच्या आकाराचा बंद गोल
- सहा: डोक्याला डावीकडे आकडा, खाली शेपूट. घाईत इंग्रजी सात वाटतो.
- सात: वर तोंड उघडलेला कोन
- आठ: तोच कोन उलटा, तोंड खाली
- नऊ: इंग्रजी नवासारखा

जपून: नाणं उलटं धरलं तर सात आणि आठ यांची अदलाबदल होते. चारमिनार सरळ उभा आहे ना, हे पाहूनच आकडे वाचा.

१९. मजकुरातला ९२ हा आकडा शोधा आणि तो सोडून द्या. तो सन नाही. मोहंमद या नावाच्या अक्षरांची अंकमूल्यांत केलेली ती बेरीज आहे आणि निजामी नाण्यांवर ती सतत दिसते. नवख्या संग्राहकाची पहिली चूक इथेच होते.

२०. चारमिनारच्या बाजूवरचा चार आकडी सन वहीत लिहा. फारसी मजकूर उजवीकडून डावीकडे वाचतात, पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे वाचायचे. हा हिजरी सन.

२१. नाणं उलटवून मागच्या बाजूवरचा एक किंवा दोन आकडी अंक लिहा. हे राजवर्ष, म्हणजे गादीवर बसल्यापासूनचं वर्ष.

२२. हिजरी सनातून राजवर्ष वजा करा. ऐनच्या नाण्याला उत्तर १३२९ च्या आसपास यायला हवं, मीमच्या नाण्याला १२८५ च्या आसपास. एखाद्या वर्षाचा फरक चालतो. जपून: फरक त्याहून मोठा आला तर बहुतेक आकडा चुकीचा वाचला आहे. आधी सात-आठ तपासा, मग दोन-तीन.

२३. हिजरी सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, इसवी सन मिळेल. १३३० चं उदाहरण घ्या: गुणाकार १२९०, त्यात ६२२ मिळवले की १९१२. जपून: जमिनीच्या जुन्या कागदांवरचा सन फसली असतो आणि त्यात ५९० मिळवतात. तो हिशेब या नाण्यांना लावू नका.

२४. ऐनच्या रुपयावर १३६१ किंवा त्यापुढचा सन असेल तर त्यापुढे ‘चांदी निम्मी’ असं लिहा. आधीच्या रुपयात चांदी सुमारे ८२ टक्के आहे, या शेवटच्या रुपयांत ५० टक्के. दिसायला मात्र दोन्ही भावंडं आहेत.

२५. चारमिनार नसलेली छोटी हाली नाणी आकारावरून वेगळी करा. तांबूस पै, दोन पै आणि अर्धा आणा, पांढरट आणा, कोपरे गोल केलेला चौकोनी आणा आणि मधोमध भोक असलेली दोन पै, असे गट पडतील. तांब्याच्या नाण्यांवर फारसी अक्षरांची गुंफण, म्हणजे तुघ्रा, दिसतो. जपून: भोक आहे म्हणून ते कुणी पाडलं असं समजू नका. दोन पैचं भोक टांकसाळीतलंच आहे, त्याची कड गुळगुळीत आणि बरोबर मध्यावर असते.

कलदार नाणी वाचा

२६. चेहऱ्यावरून गट पाडा.

- मुकुट नसलेला पुरुष, १८३५ सन: विल्यम चौथा
- स्त्री: व्हिक्टोरिया, १८४० ते १९०१
- दाढीवाला, बोडक्या डोक्याचा: सातवा एडवर्ड, १९०३ ते १९१०
- दाढी, मुकुट आणि झगा: पाचवा जॉर्ज, १९११ ते १९३६
- दाढी नाही, डोक्यावर मुकुट: सहावा जॉर्ज, १९३८ पासून पुढे

२७. व्हिक्टोरियाच्या नाण्यावर ‘क्वीन’ आहे की ‘एम्प्रेस’ ते वाचा. १८७७ पासून एम्प्रेस आहे. जपून: १८६२ सनाचा रुपया पुढे अनेक वर्षं त्याच सनाने पाडला गेला. त्याच्या मागच्या बाजूवर बारीक टिंबं असतात, ती मोजून लिहा. टिंबांच्या संख्येवर प्रकार ठरतो.

२८. १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया असेल तर झग्यावरचा हत्ती भिंगाखाली पाहा. त्या वर्षी हत्तीची सोंड आखूड आणि पाय तोकडे उमटले, लोकांना तो डुकरासारखा वाटला आणि पुढच्या वर्षी तो सुधारला. म्हणून १९११ च्या रुपयाला स्वतंत्र पाकीट द्या.

२९. सन १९४० च्या आधीचा की १९४० पासूनचा, अशी रुपयांची फोड करा. आधीच्या रुपयात चांदी ९१.७ टक्के, नंतरच्यात ५० टक्के, १९४७ चा निकेलचा रुपया सोडून.

३०. मागच्या बाजूला सनाजवळ किंवा खालच्या फुलाजवळ टांकसाळीची खूण शोधा. मुंबईची खूण बहुधा बारीक टिंब असते, कलकत्त्याची खूण नसते, १९४३ पासूनच्या काही नाण्यांवर लाहोरची ‘एल’ असते. जपून: घाणीचा कण टिंबासारखा दिसतो. तिरप्या उजेडात पाहा. खरं टिंब उठून असतं आणि त्याची सावली पडते.

३१. सुटे पैसे आकाराने लावा: पै, पैसा, ढब्बू, कडेला नागमोड असलेला आणा, चौकोनी दोन आणे आणि १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा. जपून: भोकाचा कलदार पैसा आणि भोकाची हाली दोन पै एकत्र होतात. मुकुट आणि इंग्रजी अक्षरं दिसली तर कलदार, फक्त फारसी असेल तर हाली.

ठोकीव नाणी

३२. लिपी पाहून दोन भाग करा: देवनागरी एकीकडे, फारसी दुसरीकडे.

३३. देवनागरी भागातल्या तांब्याच्या नाण्यांवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ यांतली अक्षरं शोधा. तीन-चार अक्षरं जुळली तरी पुरे, ती शिवराई. मधून दोन समांतर आडव्या रेघा गेल्या असतील तर ती दुदांडी शिवराई, बाजारात सर्वांत जास्त मिळणारी. जपून: ‘शिवकालीन, लाखमोलाची’ असं सांगून बहुतेक वेळा दुदांडीच विकली जाते. रेघा पाहिल्याशिवाय बोली लावू नका.

३४. फारसी भागातल्या चांदीच्या रुपयांवर सुटं एकटं अक्षर शोधा. निजामी ठोकीव रुपयावर ते राज्यकर्त्याच्या नावाचं आद्याक्षर असतं: नून म्हणजे नासिरुद्दौला, अलिफ म्हणजे अफजलुद्दौला, मीम म्हणजे महबूब अली खान. जपून: अक्षर सापडलं नाही तर अंदाजाने नाव लिहू नका. पाकिटावर ‘ठोकीव, फारसी, अनोळखी’ असं लिहा. अंदाज खरा मानून पुढे गेलं की सगळी यादी बिघडते.

टोकन आणि चकत्या

३५. देवदेवता आणि सोबत इंग्रजीत ‘ईस्ट इंडिया कंपनी’ असलेली सगळी नाणी एका पाकिटात घाला आणि वर ‘रामटंका पद्धतीचं टोकन’ असं लिहा. रामटंका म्हणजे पूजेचं देवदेवतांचं टोकन. राम-सीता, हनुमान, कमळ आणि १६१६, १७१७, १८१८ असे सन त्यांवर दिसतात. कंपनी सरकारने असं नाणं कधी चलनात आणलं नाही. जपून: ‘याला तांदूळ चिकटतात, कोटींना जातं’ ही निव्वळ फसवणूक आहे. देव्हाऱ्यात पूजेला असेल तर आनंदाने पुजा, पैसे मोजून मात्र घेऊ नका.

३६. लक्ष्मी-गणपतीची चांदीची नाणी वेगळी काढून त्यांवरचा सराफाचा शिक्का आणि शुद्धतेचा आकडा लिहा. ही चलनी नाणी नाहीत, यांची किंमत फक्त चांदीच्या वजनाची.

३७. कँटीन, गिरणी, हॉटेल किंवा वाहनतळाचं टोकन असेल तर त्यावरचं नाव, आकडा आणि भोकाचा आकार तीन वेगळ्या रकान्यांत लिहा. असं टोकन कुठल्या गावातून आलं, ही माहिती त्याच्या धातूपेक्षा मोलाची असते.

३८. गोव्याहून किंवा परदेशातून आलेली कॅसिनोची चकती असेल तर चार गोष्टी क्रमाने लिहा: कॅसिनोचं नाव, किंमत, साहित्य आणि कडेवरच्या रंगीत पट्ट्यांची संख्या. नेहमीच्या चकतीचा व्यास ३९ मिलिमीटर असतो. जपून: कॅसिनोचं नाव नसेल, फक्त रंग आणि आकडा असेल, तर ती घरगुती पत्त्यांच्या संचातली समजा.

खरी चांदी की मुलामा?

ज्या रुपयाची शंका आली, त्यावर ही पाण्याची चाचणी करा. रुपया फरशीवर आपटून खणखणाट ऐकण्याची जुनी पद्धत टाळा, त्याने कड मोडते.

३९. पेला दोन-तृतीयांश पाण्याने भरून काट्यावर ठेवा. पेल्यासह वजन काट्याच्या क्षमतेत बसतंय ना, ते आधी पाहा.

४०. काटा शून्यावर आणा.

४१. नाण्याला दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडवून धरा. जपून: नाणं तळाला किंवा काचेला टेकता कामा नये आणि त्यावर हवेचे बुडबुडे नकोत.

४२. काट्यावर दिसणारा आकडा लिहा.

४३. नाण्याच्या कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. उदाहरण घ्या: ११.१८ ला १.१० ने भागलं की १०.१६.

४४. उत्तर या यादीत शोधा.

- सुमारे १०.३: १९४० आधीचा कलदार
- सुमारे १०.१ ते १०.२: चांगल्या चांदीचा हाली
- सुमारे ९.५ ते ९.७: ५० टक्के चांदीचा रुपया
- सुमारे ८.५: पितळेवर मुलामा

जपून: एकाच मोजणीवर निकाल देऊ नका. दोनदा मोजा आणि आकडे जुळले तरच लिहा.

४५. ओलं नाणं कापडावर ठेवून वरून हलकेच टिपा. पुसू नका, टिपा.

प्रत ठरवा

४६. नाण्याचा सर्वांत उंच भाग भिंगाखाली पाहा. चारमिनारच्या रुपयावर मिनारांचे सज्जे आणि दरवाजातलं अक्षर पाहायचं, राजाच्या रुपयावर मुकुटाची नक्षी आणि केस. झीज तिथेच आधी दिसते.

४७. चारपैकी एक प्रत लिहा.

- कोरी: झीज नाही, मूळ चमक शिल्लक
- उत्तम: फक्त उंच भागावर किंचित झीज
- मध्यम: आकार स्पष्ट, बारीक नक्षी गेलेली
- झिजलेली: प्रकार कळतो, सन कष्टाने वाचता येतो

जपून: आपलं नाणं आपल्याला नेहमी एक प्रत वरचं वाटतं. दोन प्रतींत अडकलात तर खालची लिहा.

पाकीट आणि नोंद

४८. नाणं आत घालण्याआधी रिकाम्या पाकिटावर पेन्सिलने नोंद लिहा. नाणं आत असताना लिहिलं तर पेन्सिलचा दाब त्याच्यावर उमटतो. नोंद अशी असावी: ‘हाली, चांदी, १ रुपया, उस्मान अली खान, पूर्ण ऐन, हिजरी १३४३ (इसवी १९२४-२५), राजवर्ष पुसट, ११.१२ ग्रॅम, मध्यम, आजीच्या डब्यातून.’

४९. एका पाकिटात एकच नाणं घाला. मऊ प्लास्टिकच्या पिशव्या, वर्तमानपत्र आणि रबरबँड वापरू नका. अशा प्लास्टिकने नाण्यावर हिरवट चिकट थर येतो आणि रबराने चांदी काळी पडते.

५०. पाकिटं याच क्रमाने पुठ्ठ्याच्या खोक्यात उभी लावा: आधी वाटीचं नाव, मग राज्यकर्ता, मग किंमत, मग सन. खोकं कोरड्या कपाटात ठेवा. मोरीच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको.

५१. अडलेल्या नाण्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो घेऊन जाणकारांकडे जा. ‘मातीतली’ वाटीसाठी तेरचं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय जवळचं आहे. अभ्यासासाठी नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे आणि चारमिनारच्या रुपयाची घडण पाहायची असेल तर हैदराबादच्या सैफाबाद टांकसाळीतलं संग्रहालय आहे. जपून: शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशातल्या नातेवाइकाला परस्पर पाठवू नका, कायद्याने मनाई आहे.

५२. विकायचं ठरवलंत तर आधी दोन वेगळ्या जाणकारांना नाणं दाखवा. जपून: फोनवर किंवा इंटरनेटवर ‘तुमच्या नाण्याला लाखो देतो, आधी नोंदणी फी भरा’ असं कुणी म्हटलं तर तिथेच फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला आहे. खरा घेणारा तुमच्याकडून एक रुपयाही आगाऊ मागत नाही.

झालं! काल जो नुसता खुळखुळणारा डबा होता, त्यातल्या प्रत्येक नाण्याला आता नाव, सन, वजन आणि जागा आहे. अक्षर, सन आणि धातू भिंगाखाली कधीही पुन्हा पाहता येतील. पण हे नाणं कुठल्या गावच्या कुठल्या घरातून आलं, मजुरीत मिळालं की बाजारात, हे फक्त घरातली थोरली माणसं सांगू शकतात. म्हणून खोकं बंद करण्याआधी त्यांच्याशेजारी बसा, एकेक पाकीट हातात द्या आणि ते सांगतील ते तिथल्या तिथे वहीत लिहून घ्या.